दोन झेरॉक्सा मारा, पाठपोट

"काका, ह्याच्या दोन झेरॉक्सा मारा. पाठपोट."

"आधारच्या पाठपोट नको. फॉर्मला लावायचंय न्हवं? एकाच बाजूला वर-खाली घेतो."

"घ्या तसं. आणि सातबाऱ्याच्या तीन."

कोल्हापुरात सीपीआर चौकाच्या आसपास कुठल्याही दुकानात पाच मिनिटं उभं राहिलं की हे कानावर पडतं. मशीन कॅननचं असतं, नाहीतर रिकोचं, नाहीतर क्योसेराचं. टोनर भलत्याच कंपनीचा, कागद आणखी तिसरीचा. झेरॉक्स नावाच्या अमेरिकन कंपनीचा त्या सगळ्या व्यवहारात एक स्क्रूसुद्धा नसतो. तरी बोर्डावर हातभर अक्षरात 'झेरॉक्स', आणि गिऱ्हाइकाच्या तोंडीही तेच. 'छायाप्रत' हा शब्द फक्त सरकारी फॉर्मवर राहतो. दुकानात येऊन कुणी छायाप्रत मागितल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

मी याच भागात बसून भाषांतराची कामं घेतो. खरेदीखतं, दाखले, कोर्टाचे कागद, अधूनमधून कंपन्यांची पत्रं. इंग्रजीतला 'कॉपी' हा शब्द दिवसातून दहादा समोर येतो. चौथीतल्या पोराला येणारा शब्द, पण मला सगळ्यात जास्त वेळा तोंडावर पाडलंय ते त्यानंच.

सुरुवातीच्या काळातली गोष्ट. एका जाहिरात करणाऱ्या मंडळींचं पत्र मराठीत करायला आलं. गिऱ्हाइकाला जाहिरात पसंत पडली होती, आणि इंग्रजीत लिहिलं होतं की कॉपी फार छान झाली आहे. मी बिनधास्त लिहिलं, 'नक्कल उत्कृष्ट झाली आहे.' संध्याकाळी फोन. "ओ साहेब, आम्ही कुणाची नक्कल केली हो?" तिथं कॉपी म्हणजे जाहिरातीतला मजकूर. तो लिहितो तो कॉपीरायटर, आणि त्याला पगार मिळतो तो कुणाचंही न उचलता लिहिण्याचा.

हा घोळ त्या शब्दाच्या जन्मापासूनचा आहे. लॅटिनमधल्या 'कोपिया' शब्दाचा अर्थ नक्कल नव्हे, विपुलता, रेलचेल. मध्ययुगात एखाद्याला दस्त उतरवून घ्यायची मुभा देणं यासाठी हाच शब्द वापरला जाऊ लागला, आणि मुभेचा अर्थ सरकत सरकत उतरवलेल्या कागदावर आला. पुढं छापखाने निघाले. खिळे जुळवणाऱ्याला समोर बघून जुळवायला जो हस्तलिखित मजकूर दिला जाई, त्यालाही कॉपी म्हणू लागले, कारण त्याच्यावरून छापायचं असे. म्हणजे ज्यावरून छापलं ते कॉपी, आणि छापून जे निघालं तेही कॉपी. जाहिरातवाल्यांची आणि वर्तमानपत्रवाल्यांची कॉपी पहिल्या अर्थाची. कॉपीराइटमधली दुसऱ्या अर्थाची, प्रती काढण्याचा हक्क. मराठीत दोन्ही शब्द कानाला सारखेच लागतात, म्हणून 'आमच्या पुस्तकाचा कॉपीरायटर आमच्याकडंच आहे' असं लिहिलेलं पत्रही मी पाहिलंय.

मराठीनं हे सगळं एका शब्दाच्या गळ्यात घातलं नाही. आपल्याकडं प्रत्येक कामाला वेगळा माणूस आहे.

पुस्तकाची ती प्रत. हजार प्रती छापल्या, एक प्रत वाचनालयाला दिली. तिथं नक्कल म्हटलं तर प्रकाशक भांडायला येईल. सरकारी पत्राच्या तळाला 'प्रत माहितीसाठी सादर' असं येतं, ईमेलमध्ये 'सीसी' म्हणतात तेच. सीसी म्हणजे कार्बन कॉपी. टाइपरायटरच्या दोन कागदांत निळा-काळा कार्बन घालायचे त्याची आठवण. तो कार्बन कधी हातात न धरलेली पोरंही रोज सीसी करतात. प्रत म्हणजे दर्जासुद्धा. शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तिथं 'उच्च प्रतीचा गूळ' म्हटल्यावर कुणाला दुसरी कॉपी आठवत नाही.

नक्कल अरबीतून आली. मूळ अर्थ इकडून तिकडं नेणं. मराठीत तिनं दोन संसार मांडले. एक कचेरीत: नक्कल अर्ज, नक्कल फी, नक्कल विभाग. दुसरा गॅदरिंगमध्ये: मास्तरांच्या नकला. अस्सल हा तिचा जोडीदार, तोही अरबी, 'मूळ' या अर्थाचा. जुन्या दस्तांत 'अस्सल' आणि 'नक्कल' हे शेजारी बसतात, आणि तिथं नक्कल या शब्दात कसलाही कमीपणा नसतो. नकली मात्र वाईट. नक्कल चालते, नकली चालत नाही, हा फरक मी परप्रांतातून आलेल्या एका वकिलांना समजावताना घाम फुटला होता.

मला सगळ्यात आवडतो तो उतारा. बघून खाली उतरवून घेतला तो उतारा, म्हणून सातबाऱ्याचा उतारा. पूर्वी तलाठ्याकडं मूळ नोंदवही असायची, तुमच्या हातात तिच्यातून उतरवलेला तुकडा. पुस्तकातला उतारा तोच. विषावरचा उतारा निराळा, आणि अमावस्येला तिकटीवर लिंबू-भात ठेवून येतात तो उतारा आणखी निराळा. इंग्रजी करताना एका नवख्यानं सातबाऱ्याच्या उताऱ्याला विषावरच्या औषधाचा शब्द लावला होता. तलाठी-सर्कलच्या चकरा मारलेला माणूस म्हणेल, फार चुकला नाही.

राहिली कॉपी. इंग्रजीतून हा शब्द आपण घेतला, पण घेताना त्याला एकाच गुन्ह्याचं काम दिलं. मराठीत 'कॉपी केली' म्हटलं की पहिल्यांदा परीक्षा आठवते. कॉपी ही क्रियाही आणि चिठ्ठीही: 'बाकाखाली कॉप्या सापडल्या.' वर्तमानपत्रांचा कॉपीबहाद्दर, शिक्षण खात्याचं कॉपीमुक्त अभियान. महाराष्ट्रात परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध १९८२ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यातले गुन्हे लोकांच्या तोंडी कॉपीच. इंग्लंड-अमेरिकेतला माणूस याला चीटिंग म्हणेल. आपल्याकडं चीटिंग म्हणजे पैशाची किंवा प्रेमातली.

आता मुद्दा लक्षात येईल. दुकानात मशीन आलं, त्यातून कागदासारखा कागद निघाला, त्याला म्हणायचं काय? प्रत म्हणावं तर पुस्तक डोळ्यासमोर येतं. नक्कल म्हणावं तर तिला कचेरीचा शिक्का लागतो. उतारा हातानं लिहिलेला, आणि कॉपी म्हणजे नापास व्हायचं लक्षण. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. छायाप्रत नंतर आली, पण तिला बोलताना जीभ वळत नाही. झेरॉक्सला मोकळी जागा सापडली आणि ती बसली. आली तशी स्त्रीलिंगी होऊन आली, कारण प्रत, नक्कल, कॉपी या सगळ्या बायाच. 'एक झेरॉक्स', 'दोन झेरॉक्सा'. ती काढतात, करतात, आणि आमच्याकडं मारतात.

सगळ्या देशात असं झालं नाही. दिल्ली-पंजाबकडं गेलात तर फोटोस्टॅट किंवा फोटोकॉपी म्हणतात. गंमत म्हणजे फोटोस्टॅट हेसुद्धा एका जुन्या कंपनीच्या मशीनचंच नाव. म्हणजे त्यांनीही ब्रँडच उचलला, फक्त आधीचा.

झेरॉक्स कंपनीला हे मुळीच आवडत नाही. एखादं नाव सगळ्याच मालाला लागू झालं की त्यावरचा मालकीहक्क कोर्टात टिकवणं जड जातं. म्हणून कंपनीनं वर्षानुवर्षं जाहिराती दिल्या की आमचं नाव क्रियापद म्हणून वापरू नका, फोटोकॉपी म्हणा. अमेरिकेत त्याचा थोडाफार उपयोग झाला. तिथं आज बहुतेक लोक साधं कॉपी म्हणतात. आपल्याकडं १९८३ मध्ये मोदी झेरॉक्स ही भागीदारीतली कंपनी निघाली, मशीन गावोगाव पोचलं, नाव त्याच्याही पुढं गेलं. डालडा, कॅडबरी, जेसीबी यांच्या पंगतीत जाऊन बसलं. 'पतंजलीचं कोलगेट द्या' म्हणणाऱ्या गावाला कोण अडवणार?

नावाचा अर्थ मात्र सांगण्यासारखा आहे. ग्रीक भाषेत 'झेरोस' म्हणजे कोरडं आणि 'ग्राफेन' म्हणजे लिहिणं. झेरोग्राफी म्हणजे कोरडं लेखन. हा शब्द ओहायोतल्या एका ग्रीक-लॅटिनच्या प्राध्यापकानं सुचवला. कोरडं का? कारण त्याआधी कागदाची प्रत काढायची म्हणजे ओला कारभार होता: फोटोसारखी रसायनं, नाहीतर सायक्लोस्टाइलची शाई. सायक्लोस्टाइलच्या प्रश्नपत्रिका ज्यांनी सोडवल्या त्यांना तो वास अजून येत असेल.

यामागचा माणूस चेस्टर कार्लसन, आणि त्याचं दुखणं कोर्टाजवळ बसणाऱ्या कुणालाही आपलं वाटेल. न्यूयॉर्कमध्ये तो एका कंपनीच्या पेटंट विभागात नोकरीला. पेटंटच्या कागदांच्या प्रती सतत लागायच्या, आणि त्या मिळवायच्या म्हणजे टाइप करत बसा किंवा फोटो काढून घ्या. रात्री कायद्याचं शिक्षण. पुस्तकं विकत घ्यायला पैसे नाहीत म्हणून वाचनालयात बसून हातानं उतारे. त्यात संधिवात. आपल्या पुराभिलेखागारातले मोडी कागदांचे रुमालात बांधलेले गठ्ठे बघताना मला नेहमी वाटतं, किती नक्कलनवीसांची बोटं यात गेली असतील. त्यातल्या एकानं वैतागून मशीन शोधलं असतं तर? कार्लसननं शोधलं.

२२ ऑक्टोबर १९३८. न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागातली भाड्याची खोली. सोबत ऑटो कोर्नाय नावाचा मदतनीस. काचेच्या पट्टीवर शाईनं '१०-२२-३८ अॅस्टोरिया' असं लिहिलं. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला होता. अंधार करून तो रुमालानं खसाखसा घासला. वर काचेची पट्टी ठेवून काही सेकंद झगझगीत दिवा लावला. पट्टी उचलून बारीक पूड भुरभुरवली, फुंकर मारली. अक्षरं पत्र्यावर उभी. मेणकागद दाबून ती उचलून घेतली. जगातली पहिली झेरॉक्स रुमालानं घासून निघाली.

घासण्याचं कारण आपण शाळेत केलंय. कंगवा केसांतून फिरवायचा आणि कागदाच्या कपट्यांवर धरायचा, कपटे उडी मारून चिकटतात. घर्षणानं विद्युतभार येतो. गंधकाचा गुण असा की अंधारात तो भार धरून ठेवतो, उजेड पडला की सोडून देतो. मशीनच्या आतला ड्रम हेच करतो. त्यावर पूर्वी सेलेनियमचा थर असायचा, आता दुसरी रसायनं असतात. ड्रमला अंधारात भार दिला जातो. जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये तुमच्या कागदावर उजेड पडतो. पांढऱ्या भागावरून तो परतून ड्रमवर जातो आणि तिथला भार पळतो. काळ्या अक्षरांवरून उजेड परततच नाही, तिथला भार राहतो. म्हणजे ड्रमवर तुमचा सातबारा न दिसणाऱ्या विजेनं लिहिलेला असतो. त्यावर उलट्या भाराची काळी पूड येऊन चिकटते. ती पूड म्हणजे टोनर, आणि टोनर म्हणजे शाई नव्हे, काजळी घातलेलं बारीक प्लास्टिक. मग कागद खालून जातो, ड्रमपेक्षा जास्त ओढ लावून पूड स्वतःकडं घेतो, आणि तापलेल्या रुळांतून जाताना ते प्लास्टिक वितळून कागदात बसतं. हातात आलेली झेरॉक्स उबदार असते ती म्हणून. तीच झेरॉक्स प्लास्टिकच्या फोल्डरला चिकटून अक्षरं फोल्डरवर उमटतात तीही म्हणूनच. दोन प्लास्टिक एकमेकांना ओळखतात.

पावसाळ्यात मशीन का अडकतं याचंही उत्तर इथंच आहे. जुलैत कोल्हापुरात कागद ओलावा पितो. ओला कागद भार नीट धरत नाही, तापल्यावर वाकतो आणि आत जाम होतो. दुकानदार उघडी रिम झाकून ठेवतो, आणि तुम्ही पावसात भिजलेला कागद काचेवर ठेवायला लागलात की ओरडतो. त्याचं ओरडणं शास्त्राला धरून आहे.

कार्लसनच्या शोधाला वीसेक मोठ्या कंपन्यांनी नाही म्हटलं. १९४४ मध्ये बॅटेल नावाच्या संशोधन संस्थेनं हात दिला, नंतर रोचेस्टर गावातल्या हॅलॉइड या फोटोचा कागद बनवणाऱ्या लहान कंपनीनं पैसे घातले. १९५९ मध्ये त्यांचं ९१४ नावाचं मशीन बाजारात आलं. नाव असं कारण नऊ बाय चौदा इंचांचा कागद त्यात मावायचा. पानसुपारीच्या गाडीएवढं अवजड धूड, आणि आतल्या उष्णतेनं कागद पेटायची भीती म्हणून सोबत आग विझवायची नळकांडी. पण साध्या कागदावर, एक बटण दाबून. दोन वर्षांत कंपनीनं हॅलॉइड हे स्वतःचं नाव टाकून झेरॉक्स घेतलं.

याच कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकात लॅरी टेस्लर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॉम्प्युटरवरचं कट-कॉपी-पेस्ट घडवलं. म्हणजे दुकानातली झेरॉक्स आणि पोरांच्या प्रोजेक्टमधलं कॉपी-पेस्ट एकाच घरचं. हे मला कळलं त्या दिवशी मी उगाचच चारजणांना सांगत सुटलो होतो.

आता कचेरीकडं येऊ, कारण लोक अडकतात ते तिथं. झेरॉक्स, सत्यप्रत आणि नक्कल या तीन गोष्टी दिसायला सारख्या आहेत आणि किमतीला वेगळ्या. झेरॉक्स म्हणजे नुसतं चित्र. ती कुणी काढली, कशावरून काढली, याला साक्षीदार नाही. सत्यप्रत म्हणजे त्याच झेरॉक्सवर कुणीतरी सही करून सांगितलं की मी मूळ पाहिलंय आणि हे त्याच्यासारखंच आहे. पूर्वी यासाठी राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात उभं राहावं लागे. २०१५ पासून महाराष्ट्रात बऱ्याच कामांना स्वयंसाक्षांकन चालतं: आपल्याच कागदावर आपलीच सही, आणि खोटं निघालं तर जबाबदारीही आपलीच. नक्कल या दोघींच्या वरची. ती मूळ दप्तर ज्याच्या ताब्यात आहे तो अधिकारी स्वतः देतो. खाली खरी नक्कल असल्याचा दाखला, तारीख, सही, हुद्दा, शिक्का. म्हणून वकील जेव्हा 'नक्कल आणा' म्हणतो, तेव्हा घरातल्या जुन्या नकलेची झेरॉक्स घेऊन जाऊ नका. रोज कुणीतरी एक जण जातो.

झेरॉक्सची झेरॉक्स हा तर कायद्यातच सापडणारा प्रश्न आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात उदाहरणं होती: मूळ कागदावरून मशीननं काढलेली प्रत दुय्यम पुरावा ठरू शकते, पण नकलेवरून केलेली नक्कल मुळाशी ताडून पाहिली नसेल तर दुय्यमसुद्धा नाही. १८७२ मध्ये मशीन कुठलं, असं तुम्ही म्हणाल. कार्लसनचा जन्मही झाला नव्हता. ते होतं पत्र दाबायचं यंत्र: ओलसर पातळ कागद शाईच्या पत्रावर ठेवून दाबायचा. त्याचं पेटंट वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटनं १७८० मध्ये घेतलेलं. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण मूळ आणि दुय्यम ही वाटणी तशीच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये इथं जुन्या कोर्टाच्या इमारतीत उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून या वाटणीशी आमच्या भागातल्या जास्तच लोकांची ओळख होतेय.

आणि मशीननं काढलं म्हणजे बरोबरच, असंही नाही. आजचं मशीन कार्लसनच्या पद्धतीनं थेट उजेड ड्रमवर पाडत नाही. आत स्कॅनर आहे, तो आधी आकडे करून ठेवतो, मग लेझरनं छापतो. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आलं की झेरॉक्स कंपनीची काही मशीन कागद स्कॅन करताना आकडे बदलतात. सहाचा आठ होतो. जागा वाचवण्यासाठी यंत्र सारखी दिसणारी अक्षरं एकच धरत होतं. पुसट आलं असतं तर कुणाला कळलं तरी असतं. इथं चुकीचा आकडा स्वच्छ, ठळक उमटलेला. कंपनीनं नंतर दुरुस्ती दिली. तेव्हापासून मी गट नंबर मुळाशी ताडून बघतो, दोनदा.

पुस्तकांच्या झेरॉक्सचं काय, हे विद्यापीठातली मुलं नेहमी विचारतात. दिल्लीत रामेश्वरी फोटोकॉपी नावाचं दुकान होतं, विद्यापीठाच्या आवारात. अभ्यासक्रमातली प्रकरणं एकत्र बांधून विकायचं. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये खटला भरला. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं दुकानाच्या बाजूनं निकाल दिला: शिकवण्याच्या ओघात होणाऱ्या प्रतींना कायद्यात सूट आहे. पुढं प्रकाशकांनी खटला मागं घेतला. याचा अर्थ बाजारातली अख्खी कादंबरी झेरॉक्स करून विकायला मोकळीक, असा मात्र नाही.

ज्या झेरॉक्सला आपण कॉपीपासून वेगळं ठेवलं होतं तिला पोरांनी पुन्हा कॉपीतच नेऊन बसवलं, तिचं नाव मायक्रो झेरॉक्स. अख्खं प्रकरण तळहाताएवढं. बोर्डाची परीक्षा आली की केंद्राजवळची झेरॉक्स दुकानं बंद ठेवायचे आदेश निघतात ते त्यामुळं.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या रॅम्पवर आपली कोल्हापुरी चप्पल आणली तेव्हा मी मुद्दाम कान देऊन ऐकत होतो. सुभाष रोडवर, चहाच्या टपरीवर, सगळीकडं एकच वाक्य: 'त्यांनी कॉपी मारली.' नक्कल केली असं कुणी म्हणालं नाही, झेरॉक्स तर नाहीच. नक्कल करताना मूळ कुणाचं ते मान्य असतं, झेरॉक्सला मूळ काचेवर ठेवावंच लागतं. इथं सुरुवातीला कोल्हापूरचं नावच नव्हतं. आरडाओरडा झाल्यावर कंपनीनं कबुली दिली. जिला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे तिचं नाव न घेणं, याला आमच्या भाषेत कॉपी हाच शब्द. आणि महाद्वार रोडला रेक्झिनची मिळते ती डुप्लिकेट.

परवा दुकानात एक ताई आल्या. मोबाइल पुढं केला.

"दादा, माझ्या भावानं दाखल्याची झेरॉक्स पाठवलीय व्हॉट्सअॅपला. तिची झेरॉक्स काढून द्या."

भावानं फोटो काढला होता. कागद, ड्रम, टोनर, मशीन, काहीच नाही. दुकानदारानं काही न विचारता नंबर सांगितला, "पाठवा ह्याच्यावर," आणि प्रिंट काढून दिली. ताईंनी विचारलं, "एका झेरॉक्सचं किती?"